सिंड्रेलाची दुसरी चप्पल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या बालपुरवणीत सिंड्रेलाची गोष्ट आली होती. वर ‘चिमुकल्यांसाठी सोप्या भाषेत’ असं लिहिलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली आहे, सोबत आठ वर्षांची नात. अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय, त्यावर बसून नातीनं ती गोष्ट मोठ्यानं वाचली. चार झोक्यांत संपली. तिनं पान उलटून पाहिलं तर मागे शब्दकोडं. मग मला म्हणाली, ‘आबा, तिची दुसरी चप्पल कुठे गेली?’

तेवढ्यासाठी हे पत्र. वाचकांनी दोनशे शब्दांत आटपावं, ही आपली सूचना मला माहीत आहे, पण माझ्यानं ते व्हायचं नाही. कापायची वेळ आली तर आधी एक फोन करा. गोष्ट कापली तसं पत्र कापू नका.

मी एसटीत वाहक होतो, १९८३ पासून २०१४ पर्यंत. बरीचशी नोकरी चोपडा, शिरपूर, यावल या पट्ट्यातल्या मुक्कामी गाड्यांवर गेली. शहरातल्या वाचकांना मुक्कामी गाडी कदाचित ठाऊक नसेल. संध्याकाळी निघून शेवटच्या गावाला पोचायचं, गाडी रात्रभर तिथेच उभी, आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत. चालक-वाहक गाडीतच झोपतात, नाहीतर शाळेच्या ओट्यावर. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तेव्हा विजेचा भरवसा नव्हता. गाडी आली की पोरं भोवती जमायची. आतला दिवा लावला तर आमचे चालकभाऊ बॅटरी उतरेल म्हणून पाच मिनिटांत बंद करायचे. अंधारात पोरं उठून जायची नाहीत. मग काहीतरी सांगावं लागायचं.

एकदा मागच्या सीटवर कुणाचं तरी चित्रांचं पुस्तक राहिलं. सापडलेली वस्तू आगारात जमा करायची असते, ती मी सकाळी केली. पण मधली रात्र माझीच होती. पुस्तक इंग्रजी आणि माझं इंग्रजी दहावीपुरतं. चित्रं बघत, अडखळत गोष्ट जुळवली आणि पुढच्या मुक्कामाला पोरांना अहिराणीत, आमच्या खान्देशी बोलीत, सांगितली. पावरा आदिवासींची पोरं पुढे बसलेली असली तर त्यांच्यातली एखादी मोठी पोरगी मधे मधे त्यांच्या बोलीत समजावून द्यायची. नंतर ही एकच गोष्ट मी किती गावांत सांगितली त्याचा हिशोब कुठल्या वेबिलात, म्हणजे वाहकाच्या तिकीट-हिशोबाच्या कागदात, नाही.

तेव्हा गोष्ट बदलायला माझा विरोध असण्याचं कारणच नाही. मी स्वतः ती उभी-आडवी बदलली आहे. राजवाड्यातला नाच हा प्रकार इथे कुणाला कळणार? म्हणून मी आधी राजाच्या पोराची हळद केली. पोरांनी लगेच अडवलं. हळदीला घरटी आवतन असतं, मग हिला एकटीला घरी कशी ठेवली? गाव विचारणार नाही का? मला उत्तर सुचेना. शेवटी मी सारंगखेड्याची यात्रा केली. दत्तजयंतीची थंडी, तापीचा काठ, घोड्यांचा बाजार. तिथे राजाचा मुलगा घोडा घ्यायला येतो हे कुणालाही पटतं. यात्रेला सावत्र बहिणी जातात आणि ही चुलीपाशी राहते, हेही पटतं. चुलीजवळच्या राखेत बसते म्हणून तिला बहिणींनी नाव ठेवलं राखुंडी. फ्रेंच गोष्टीतलं तिचं नावही राखेवरूनच आहे, हे मला फार उशिरा कळलं. थोरली बहीण तर तिला आणखी घाणेरड्या नावानं हाक मारते, ते आपल्या पेपरात छापण्याजोगं नाही.

परी आणायला मला सगळ्यात कमी कष्ट पडले. मूळ गोष्टीत ती सिंड्रेलाची धर्माची आई आहे. मी तिला मावशी केलं. माय मरो पण मावशी जगो, हे ज्यांच्या घरात रोज बोललं जातं त्यांना आणखी काय समजावून सांगायचं? मावशी आली म्हटल्याबरोबर पोरं सरसावून बसायची. भोपळ्याचं आमच्याकडे गंगाफळ आहेच, कानबाई या आमच्या देवीच्या सणाला, रोटांना त्याची भाजी लागते. मावशी गंगाफळ कोरते आणि नुसती साल ठेवते, हे मूळ गोष्टीतच आहे. त्यावर आमच्या घरातून दुरुस्ती आली : ‘आणि गर फेकून दिला? एवढ्या मोठ्या गंगाफळाचा?’ तेव्हापासून मावशी गर बाजूला काढून झाकून ठेवते आणि मगच छडी फिरवते.

उंदरांचे सहा घोडे होतात. त्यांच्या रंगावरून दर वेळी भांडण. सारंगखेडा बघून आलेल्या पोरांना नुकराच हवा, पांढराशुभ्र. मी म्हणायचो, उंदराचा घोडा उंदराच्याच रंगाचा होणार. (हे मी मनानं सांगत होतो, पुढे मूळ गोष्टीतही तेच निघालं.) आणि घुशीचा गाडीवान. ज्या घुशीच्या मिशा सगळ्यात लांब ती निवडतात, म्हणून गाडीवानालाही झकास मिशा. आमच्या चालकभाऊंना तशाच मिशा होत्या. एका गावात पोरांनी त्यांचं नाव घूसमामा पाडलं. दोन महिने ते माझ्याशी कामापुरतं बोलले.

निवृत्तीनंतर भाचीनं मला मूळ गोष्ट वाचून दाखवली. ती कॉलेजात इंग्रजी शिकवते. शार्ल पेरो या फ्रेंच गृहस्थांनी १६९७ साली छापलेली ही गोष्ट, तिचं इंग्रजी भाषांतर तिच्याकडे होतं. ती वाक्य वाचायची, मराठीत सांगायची, मी वहीत उतरवून घ्यायचो. तीन दुपारी लागल्या. पोरांनी जे जे प्रश्न विचारून मला मुक्कामाच्या गावांत गप्प केलं होतं, त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं त्या म्हाताऱ्यानं तीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती. मधल्या लोकांनी गोष्ट सोपी करताना तेवढीच काढून टाकली.

आता चपलेचंच घ्या. बाराचे टोले पडले, बग्गीचं गंगाफळ झालं, कपड्यांच्या चिंध्या झाल्या. मग चप्पल तशीच कशी राहिली? हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारला गेला. मी काहीबाही सांगून वेळ मारून न्यायचो. पेरोंच्या गोष्टीत मावशी कपड्यांना छडी लावते, चिंध्यांचा जरीचा पोशाख होतो. चपलांना मात्र छडी लागत नाही. त्या ती देते. म्हणजे पोशाख होता बदललेला, तो मुदत संपली की जुन्या रूपात गेला. चपला तिच्या स्वतःच्या, मावशीनं दिलेल्या. हे एवढंसं वाक्य. आपल्या पुरवणीत ‘परीने छडी फिरवताच तिच्या अंगावर सुंदर कपडे व पायात चप्पल आली’ असं छापलंय. झालं! आता नातीला मी काय सांगू?

चप्पल काचेची का, यावर तिकडच्या पंडितांत वाद झाला म्हणतात. फ्रेंचमध्ये काच आणि एका जातीची मऊ फर यांचे शब्द कानाला सारखेच लागतात, तेव्हा मूळची चप्पल फरची असावी, असं काहींचं म्हणणं. पण पेरोंनी छापली ती काचच. मला काच पटते. चामड्याची चप्पल चार दिवसांत पायाला सैल होते, फर तर दाबली की दबते. काच ताणता येत नाही. बांगड्या भरताना कासार हात दाबून दाबून बांगडी चढवतो, कारण दबतो तो हात, बांगडी नाही.

बारा वाजण्याबद्दल तर मला बोलायलाच हवं. आपल्याकडे छापलंय, ‘खूप उशीर झाल्याने सिंड्रेला घरी निघाली.’ संपादक साहेब, उशीर होणं आणि बारा वाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटची गाडी सात चाळीसची असते. सात एकेचाळीसला स्टँडवर आलेल्या माणसाला ‘थोडा उशीर झाला’ असं म्हणून चालत नाही, त्याला रात्र काढावी लागते. मुक्कामी गाडीच्या गावातल्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मी टोले मोजायला लागलो की तीच ओरडायची, ‘पय वं माय, पय! गाडी चुकी जाई!’

आणि मूळ गोष्टीत रात्री दोन आहेत. पहिल्या रात्री पावणेबाराचे टोले ऐकल्याबरोबर ती उठते, सगळ्यांना नमस्कार करून वेळेत घरी पोचते. दुसऱ्या रात्री बोलण्यात रमते आणि बाराचा पहिला टोला पडतो तेव्हा तिला वाटतं, अजून अकराही वाजले नसतील. तीस वर्षांत असे प्रवासी मी हजारांनी पाहिले. पहिल्या दिवशी अर्धा तास आधी येऊन बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी धावत येऊन पत्र्यावर हात मारतो. आपण दोन रात्रींची एक रात्र केलीत. जागा नसेल, समजू शकतो. पण त्यामुळे पोरगी पहिल्याच खेपेला वेंधळी ठरली.

मधे एक गंमत होती तीही गेली. पहिल्या रात्री राजपुत्रानं दिलेली संत्री आणि लिंबं ती आपल्याच बहिणींना नेऊन देते आणि त्या तिला ओळखत नाहीत. मी संत्र्यांची केळी करून पाहिली होती. पोरं म्हणाली, केळी नको, केळी काय रोजच. मग संत्रीच ठेवली. घरी परतल्यावर ती झोपेतून उठल्यासारखे डोळे चोळत बहिणींना दार उघडते. वर एकीला म्हणते, ताई, तुझा तो रोजचा पिवळा पोशाख मला उद्यापुरता दे ना. बहीण ‘नाही’ म्हणणार हे तिला पक्कं माहीत असतं, आणि ‘नाही’ ऐकून तिला बरं वाटतं. म्हणजे पोरगी चांगली आहे, पण बावळट नाही. घुशीचा गाडीवान करायची युक्तीही तिचीच बरं का. मावशीला गाडीवान कशाचा करावा ते सुचेना, तेव्हा हीच म्हणते, थांब, पिंजऱ्यात घूस सापडली का बघून येते. आपल्या पुरवणीतल्या चार चित्रांपैकी तीन चित्रांत ती रडते आहे.

आता दुसऱ्या चपलेकडे येतो.

आखाजीच्या आधीचे दोन दिवस एसटीच्या माणसानं कधी विसरू नयेत. सगळ्या खान्देशातल्या लेकी एकाच वेळी माहेरी निघतात. कडेवर पोर, हातात पिशवी, दारात रेटारेटी. गाडी सुटली की स्टँडवर चपला पडलेल्या दिसायच्या, जोड कधीच नाही, एकेकच. तशीच एकेक गाडीतही सापडायची. पायरीवर, सीटखाली, कधी मागच्या टपात. १९९६ किंवा ९७ ची आखाजी असेल. मुक्कामाला पोचल्यावर गाडी झाडताना एक चप्पल सापडली, निळ्या पट्ट्याची, प्लास्टिकची, बारा-तेरा वर्षांच्या मुलीची असावी. मी ती तिकिटाच्या पेटीमागे ठेवून दिली. पहाटे गाडी सोडली. तीन-चार गावं मागे टाकल्यावर एका फाट्यावर एक पोरगी उभी. अनवाणी. गाडीला हात केला, पण चढली नाही. दारातून माझ्याकडे नुसतं बघत राहिली. मी चप्पल काढून दाखवली आणि गमतीनं म्हणालो, तुझी कशावरून? ती काही बोलली नाही. फ्रॉकच्या मागे धरलेला हात तिनं पुढे केला. हातात निळ्या पट्ट्याची दुसरी.

तोपर्यंत माझ्या गोष्टीचा शेवट आपल्या पुरवणीसारखाच होता. त्या सापडलेल्या पुस्तकातही तसाच होता. चप्पल बसली, लग्न झालं. आणि दर वेळी कुणीतरी मुलगी पाय पुढे करून म्हणायची, ‘मना पायबी बसी जाई.’ खरंच होतं ते. एका मापाचे पाय गावात दहा जणींचे असतात. त्या फाट्यानंतर मी गोष्ट बदलली. चप्पल पायात बसल्यावर माझी राखुंडी पदराखालून दुसरी काढून दाखवायची. मला वाटायचं, हे आपलं स्वतःचं.

भाचीनं वाचताना शेवटी एक वाक्य वाचलं, ते मी तिला दोनदा वाचायला लावलं. पेरोंची सिंड्रेला खिशातून दुसरी चप्पल काढते आणि पायात घालते. पहिलीसाठी राजाच्या माणसानं वाट करून दिली, दुसरी तिनं जपून ठेवली होती. आणि त्याआधीचंही ऐका. तिला कुणी बोलावत नाही. बहिणी पाय कोंबून कोंबून थकतात, तेव्हा ती आपणहून हसत म्हणते, बघू बरं, मला बसते का. बहिणी खिदळतात. चप्पल घेऊन आलेला राजाचा अधिकारी मात्र म्हणतो, हुकूम सगळ्या मुलींसाठी आहे, हिलाही बसवून बघायची. हा अधिकारी मला फार आवडला. सरकारी माणूस, नियमानं वागला. आपल्या गोष्टीत त्याला काढून त्याच्या जागी खुद्द राजपुत्र आणलाय. तो बिचारा फ्रेंच गोष्टीत दारोदार फिरतच नाही.

सावत्र आईविषयी थोडं लिहितो, कारण तो विषय माझ्या घरातला आहे. माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. मला वाढवलं ते दुसऱ्या आईनं. थंडीत शाळेत जाताना खापरावरचा गरम मांडा कापडात गुंडाळून ती माझ्या हातात द्यायची, खायला नंतर आणि हात शेकायला आधी. तरीही माझ्या गोष्टीतली सावत्र आई मी कधी मऊ केली नाही. तिच्याच पुढे बसून एकदा सांगितली, तेव्हा ती म्हणाली, ‘वाईट नाही केलीस तर कोण जाईल यात्रेला?’ आपल्या पुरवणीनं मात्र ‘आई थोडी कडक होती’ असं करून टाकलंय. मग मावशीला यायचं कारणच उरत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. जर्मनीतल्या ग्रिमबंधूंनी १८१२ मध्ये हिमगौरीची गोष्ट छापली तेव्हा तिच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र केलं. पुस्तक घराघरांतल्या मुलांच्या हातात जाऊ लागलं होतं, सख्खी आई अशी दाखवणं बरं दिसेना. हान्सेल आणि ग्रेटेलच्या आईचंही पुढे तेच झालं. म्हणजे मुलांसाठी म्हणून केलेल्या साफसफाईचा केर आमच्या सावत्र आयांच्या दारात येऊन पडला. भाचीनं हे सांगितलं त्या दिवशी मी जेवताना गप्प होतो.

सगळंच छापा, असं मी म्हणत नाही. ग्रिमबंधूंच्या सिंड्रेलेत बहिणी चप्पल बसावी म्हणून एक अंगठा कापते आणि दुसरी टाच, आणि शेवटी कबुतरं त्यांचे डोळे टोचतात. हे मी रात्रीच्या वेळी लहान पोरांना कधी सांगितलं नाही. त्यात मावशी नाही, बारा वाजणं नाही, आईच्या थडग्यावरचं झाड आहे आणि राखेत फेकलेली डाळ वेचून द्यायला येणारी पाखरं आहेत. डाळ वेचण्याचा भाग मी उचलला. दादर ज्वारी निवडत बसलेल्या बायकाही तेवढ्यापुरत्या हात थांबवून ऐकायच्या. कापाकापी सोडून दिली. काय ठेवायचं, काय सोडायचं ते सांगणाऱ्यानंच ठरवायचं असतं. पण गोष्टीतली पोरगी जे जे स्वतःच्या हातानं करते ते ते वेचून काढायचं आणि तिच्या बाबतीत जे जे घडतं तेवढंच ठेवायचं, असं कसं झालं, एवढं आपल्या पुरवणीच्या संपादकांना विचारून बघा. त्यांनी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. जागा कमी पडली की काय कापावं हे हाताला आपोआप कळतं म्हणतात, आणि हाताला बहुधा हेच कळतं.

नातीला मी त्याच संध्याकाळी पूर्ण गोष्ट सांगितली, अहिराणीत. पुण्यात राहून तिची अहिराणी अर्धी झाली आहे, मधेच ‘म्हणजे काय?’ विचारते. टोल्यांना मात्र ओरडली. दुसरी चप्पल निघाली तेव्हा काही बोलली नाही, झोक्याखाली काढून ठेवलेल्या स्वतःच्या चपलांकडे बघितलं.

जाता जाता एक. पुढच्या रविवारी ‘लाल टोपीवाली’ येणार असं आपण खाली चौकटीत छापलं आहे. पेरोंनी ती गोष्ट लांडगा पोरीला खातो तिथेच संपवली. ग्रिमबंधूंनी शिकारी आणला, लांडग्याचं पोट कापून पोरगी आणि आजी जिवंत बाहेर काढल्या आणि त्याच्या पोटात दगड भरले. कुठली घ्यायची ते आपण ठरवा. दुसरी घेतली तर ते मोठाले दगड धावत जाऊन आणतं कोण, तेवढं नीट बघून छापा. शिकारी नाही आणत, ती पोरगी आणते. नात मंगळवारी परत जाणार होती, पण रविवारचा पेपर बघूनच जाईन म्हणते आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
चोपडा, जि. जळगाव